टोकियोतला साकुरा आणि आपण मराठी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की साकुराचे, म्हणजे जपानी चेरीच्या बहराचे, प्रश्न सुरू होतात. निम्मे टोकियोतल्या निशी-कासाइ नाहीतर ओजिमा या भागांत नुकतेच राहायला आलेल्यांचे, निम्मे पुणे-डोंबिवलीहून लेकाकडे-लेकीकडे यायला निघालेल्यांचे. दरवर्षी तेच तेच लिहून पाठवण्यापेक्षा एकदा सगळं एका ठिकाणी मांडलं आहे. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. उत्तरं माझी, म्हणजे इथले अनेक मार्च-एप्रिल काढलेल्या आणि त्यातले पहिले दोन पार वाया घालवलेल्या बाईची.

१. साकुरा नक्की कधी फुलतो? आईबाबांची तिकिटं कोणत्या तारखेची काढू?

टोकियोत पहिली फुलं उमलायची सरासरी तारीख २४ मार्च, पूर्ण बहराची ३१ मार्च. ही १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी आहे. पण झाडं सरासरी वाचत नाहीत. २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये पहिली फुलं १४ मार्चलाच आली. २०२४ मध्ये मात्र २९ मार्च उजाडला. म्हणजे पंधरवड्याचा फरक.

तीन-चार दिवसांसाठीच येणार असाल तर तो जुगार आहे, असं समजूनच या. आईवडील निदान तीन आठवडे तरी राहणार असतील, तर २० मार्चच्या सुमारास पोचतील आणि १० एप्रिलनंतर निघतील असं बघा. बहर लवकर आला तरी शेवट सापडतो, उशिरा आला तरी सगळा सापडतो. एप्रिलच्या मध्याला पोचणार असाल तर थेट प्रश्न १७ वाचा.

२. टीव्हीवर "काइका" आणि "मानकाइ" म्हणतात ते काय? आणि हे ठरवतं कोण?

काइका म्हणजे फुलं उमलायला लागली, मानकाइ म्हणजे पूर्ण बहर. टोकियोपुरतं हे एका ठरावीक झाडावरून ठरतं. यासुकुनी या शिंतो देवळाच्या आवारात ते उभं आहे. हवामान खात्याचे कर्मचारी तिथे जाऊन मान वर करून फुलं मोजतात. पाच-सहा उमललेली दिसली की काइका जाहीर. ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की मानकाइ. मोजणाऱ्याच्या तोंडाकडे कॅमेरे लावून पत्रकार उभे असतात. चार फुलं निघाली तर "आज नाही" असं सांगून तो परत जातो, आणि तीही बातमी होते. एकदा तरी टीव्हीवर पाहाच. आपल्याकडे पावसाची वाट बघतात, तसाच चेहरा असतो सगळ्यांचा.

काइका ते मानकाइ साधारण आठवडा. मानकाइनंतर पाकळ्या गळून पानं फुटेपर्यंत आणखी आठवडाभर, हवा थंड राहिली तर दोन-तीन दिवस जास्त.

३. अंदाज किती खरे असतात? आपल्याला काढता येतो का?

हवामान खातं २०१० पासून अंदाज देत नाही, फक्त प्रत्यक्ष निरीक्षण जाहीर करतं. अंदाज खासगी हवामान कंपन्या देतात. मार्च लागला की ते बऱ्यापैकी जुळतात, जानेवारीतला अंदाज मात्र पत्रिकेइतकाच धरा.

स्वतः काढायची हौस असेल तर इथे एक जुना ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं. बेरीज ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की फुलं. किंवा रोजचं कमाल तापमान मिळवायचं आणि ६०० ची वाट बघायची. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं पोट एक्सेलवर चालतं, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी हा तक्ता करतंच. आमच्या घरी तो नवऱ्याकडे आहे. तो अजून एकदाही बरोबर आलेला नाही, पण चुकल्यावर नवरा दोष झाडाला देतो.

४. सगळी झाडं एकाच दिवशी कशी काय फुलतात?

कारण ती सगळी एकच झाड आहेत. शहरात सगळ्यात जास्त दिसते ती जात सोमेइ योशिनो. एदोहिगान आणि ओशिमा या दोन जातींच्या संकरातून ती आली. एदो काळाच्या, म्हणजे टोकियोला एदो म्हणत त्या काळाच्या, अखेरीला सोमेइ नावाच्या गावातल्या माळ्यांनी तिचा प्रसार केला. ते गाव आज टोकियोच्या पोटात, कोमागोमे स्टेशनाजवळ आहे. बियांपासून हे झाड जसंच्या तसं येत नाही, म्हणून पहिल्यापासून कलमंच केली जातात. हापूसचं कलम लावतो तसंच. त्यामुळे ऊन, थंडी सारखी असेल तर एका भागातली सगळी झाडं एकदमच फुलतात आणि एकदमच गळतात.

कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. मग झाड झोपतं. त्या झोपेतून उठायला आधी कडाक्याची थंडी लागते आणि नंतर ऊब. थंडी पुरेशी पडली नाही तर नुसत्या उबेने भागत नाही. हे लक्षात ठेवा, प्रश्न १९ मध्ये उपयोगी पडेल.

५. पहिल्यांदाच बघणार आहे. नक्की कुठे जाऊ?

यादी मोठी देता येईल, पण पहिल्या वर्षी एवढं पुरे.

शिंजुकू ग्योएन पहिलं. प्रौढांना ५०० येन तिकीट आहे, पण आत दारू चालत नाही, म्हणून वातावरण निवांत असतं आणि लहान मुलं हिरवळीवर सुखाने लोळतात. वेगवेगळ्या जातींची झाडं असल्यामुळे एखादी जात सरली तरी दुसरी फुलत असते. निघण्यापूर्वी त्या वर्षी आगाऊ नोंदणी लागते का ते बघून घ्या.

उएनो म्हणजे जत्रा. गर्दी, निळ्या ताडपत्र्या, खाण्याचे ठेले, गाणी. एकदा जायलाच हवं, दरवर्षी नाही.

चिदोरिगाफुची हा राजवाड्याच्या खंदकाचा काठ आहे. फांद्या पाण्यावर वाकलेल्या असतात आणि खालून होड्या जातात. होडीची रांग पाहून घाबरू नका, होडी न करता नुसतं काठाने चाललं तरी पैसे वसूल, कारण पैसेच लागत नाहीत. मेगुरो नदीकाठची आठशेएक झाडं फोटोत सुंदर दिसतात. प्रत्यक्षात शनिवारी तिथे दादर स्टेशनाचा पूल आठवतो.

माझं सगळ्यात आवडतं आसुकायामा. आठवा शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिमुने याने १७२० च्या सुमाराला इथे साकुराची झाडं लावून घेतली आणि टेकडी साध्या माणसांना मोकळी केली. तिथे अजूनही साधी माणसंच येतात. पालिकेच्या शाळेची मुलं, डबा घेऊन बसलेल्या आज्या. टेकडीच्या कडेने जुनी ट्राम जाते. मला पर्वतीची आठवण होते, आणि का होते ते सांगता येत नाही.

६. निशी-कासाइहून लांब न जाता काही आहे का? पोरं लहान आहेत.

आहे, आणि खरं तर आधी तेच बघा. एदोगावा वॉर्डातच शिन्कावा कालव्याच्या दोन्ही बाजूंना साकुराची रांग आहे. ग्योतोकूच्या मिठागरांतलं मीठ पूर्वी याच पाण्यावरून होड्यांनी एदो शहरात जायचं. ओजिमाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी आराकावा नदीच्या बांधावरची कोमातसुगावाची "हजार झाडं" आहेत. हिगाशी-ओजिमा स्टेशनापासून चालत जाता येतं. तिथे आभाळ मोठं दिसतं, आणि टोकियोत तेच दुर्मीळ. ग्योसेन बागेत फुलांबरोबर छोटं प्राणिसंग्रहालयही आहे, फुकट.

पर्यटकांच्या यादीत या जागा खाली असतात. त्यामुळे बसायला जागा मिळते.

७. मला फक्त शनिवार-रविवार मोकळा असतो. चालेल ना?

पहिल्या वर्षी मीही हेच म्हटलं. बुधवारी मानकाइ जाहीर झालं, ऑफिसातले जपानी सहकारी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन समोरच्या बागेत गेले, मी म्हटलं शनिवारी नीट बघू. गुरुवारी रात्री वादळी पाऊस आला. शनिवारी मी कॅमेरा घेऊन हिरव्या पानांचे फोटो काढले.

त्यापेक्षा असं करा. घर ते स्टेशन या रोजच्या रस्त्यावरचं साकुराचं एक झाड ठरवून टाका. असतंच. शाळेच्या कुंपणात, इमारतीच्या वाहनतळाशेजारी, कालव्याच्या कठड्यापाशी. फेब्रुवारीच्या अखेरीपासून येता-जाता त्याच्याकडे बघा. कळी आधी तपकिरी, मग टोकाला हिरवी, मग एके दिवशी गुलाबी टिकली लावल्यासारखी. ज्याने हे बघितलं त्याचा साकुरा कधीच चुकत नाही, पाऊस येवो नाहीतर कामाची डेडलाइन. बागा ही चैन आहे, बघितल्या तर बघितल्या. आपलं झाड हवं.

८. डब्यात काय न्यावं? बाहेर शाकाहारी काय मिळेल?

डबा घरचाच न्या. गार झालं तरी चांगलं लागेल असं: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. रस्सा नको, ताडपत्री कधीच सपाट नसते. मोकळ्या हवेत वासाची चिंता करू नका. उलट शेजारच्या ताडपत्रीवरून "ओइशिसो", म्हणजे छान लागेलसं दिसतंय, म्हणून माना वळतात आणि एक पुरी जाते, एक दांगो येतो.

बाहेरचं घ्यायचं तर अडचण माशापेक्षा माशाच्या पाण्याची आहे. दाशी नावाचा हा अर्क निरागस दिसणाऱ्या पदार्थांतही असतो. भाताभोवती तळलेल्या तोफूची पिशवी असलेली इनारी शाकाहारी वाटते, पण ती पिशवी बहुधा दाशीतच शिजवलेली असते. ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट प्लमची, त्यातल्या त्यात बरी. कडक पाळणाऱ्यांनी पाकिटावरची यादी मोबाइलने वाचून घ्यावी आणि त्यात "कात्सुओ" हा मासा आहे का बघावं.

गोडात मात्र मजा आहे. गुलाबी-पांढरा-हिरवा तीन रंगी दांगो तांदळाच्या पिठाचा असतो. आणि साकुरामोची तर खाच. आत लाल चवळीसारख्या बियांचं गोड सारण, बाहेर गुलाबी आवरण, त्याभोवती खारवलेलं साकुराचं पान. टोकियोच्या पद्धतीत आवरण पातळ धिरड्यासारखं असतं, ओसाकाकडे दाणेदार भाताचं. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर पुरणच. वेलदोडा विसरलेत." पान खायचं की काढायचं यावर जपान्यांतही एकमत नाही. मी खाते.

९. बागेत बसण्याचे काही नियम आहेत का?

आहेत, आणि पाटीवर लिहिलेले कमी, न लिहिलेले जास्त.

ताडपत्रीवर चप्पल-बूट घालून पाय ठेवायचा नाही, काठावर काढायचे. मुळांवर ताडपत्री ओढायची नाही. फांदी खाली वाकवून फोटो काढायचा नाही, आणि झाड हलवून पाकळ्या पाडायचा तो व्हिडिओ तर अजिबात नाही. सोमेइ योशिनोची फांदी मोडली की जखमेतून कुजायला लागते. कचरा घरी न्यायचा, म्हणून दोन पिशव्या जास्त ठेवा. शेगडी, गॅस वगैरे बहुतेक बागांत बंद. ड्रोनही बंद. वायरलेस स्पीकरवर गाणी लावू नका. स्वतः गायलात तर चालतं, हे मी अनुभवाने सांगते, भोंडल्याची दोन गाणी आम्ही म्हटली आहेत.

फूल तोडण्याबद्दल वेगळा प्रश्न आहे, ११ वा.

१०. ऑफिसची हानामी (साकुराखालची मेजवानी) आहे. मी पीत नाही, खात नाही. जायलाच हवं का?

जा. ऊलाँग चहाचा ग्लास हातात असला की कोणी काही म्हणत नाही. जे काही खात नाही ते आयोजकाला आठवडाभर आधी सांगा, आणि नुसतं "शाकाहारी" म्हणू नका. मांस नाही, मासा नाही, दाशी नाही, असं तिन्ही सांगा, नाहीतर कौतुकाने तुमच्यासाठी खास कोळंबी मागवलेली असते.

नवीन असाल तर जागा धरायचं काम तुमच्यावर येऊ शकतं. सकाळपासून ताडपत्रीवर एकट्याने बसायचं आणि संध्याकाळी साहेब येईपर्यंत ती सांभाळायची. मला ते दुसऱ्या वर्षी मिळालं. अपमान वाटला, आठ तास थंडीत कुडकुडले, दुसऱ्या दिवशी तापाने झोपले आणि उरलेला बहर खिडकीतून बघितला. तरी आज वाटतं, सकाळी सातला रिकाम्या बागेत एका झाडाखाली पगारी बसायला मिळालं होतं. जाड पायमोजे आणि थर्मास न्या.

११. पाडव्याला गुढीला साकुराची डहाळी लावली तर? पूजेला फुलं घेता येतील?

झाडावरून तोडायची नाहीत, एकही नाही. बागेतलं, रस्त्यावरचं, देवळातलं, कुठलंच. हा नुसता शिष्टाचार नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान धरलं जातं.

पण एक गंमत आहे. साकुराच्या झाडाखाली देठापासून तुटलेली, पाचही पाकळ्या शाबूत असलेली अख्खी फुलं पडलेली दिसतील. ते चिमण्यांचं काम. मध प्यायला त्यांची चोच आतपर्यंत जात नाही, म्हणून त्या फूल मागून कुरतडून मध चोखतात आणि टाकून देतात. मग ते फूल भिरभिरत खाली येतं. चष्मेवाला पक्षी मात्र सभ्यपणे समोरून पितो. चिमण्यांनी टाकलेली चार फुलं उचलून आणलीत तर कोणी काही म्हणणार नाही. उष्टी फुलं देवाला चालतात का, हे आपापल्या घरी विचारा. शबरीची बोरं आठवून मी वाहते.

गुढीला डहाळी हवीच असेल तर फुलांच्या दुकानात फेब्रुवारी-मार्चमध्ये साकुराच्या आणि पीचच्या फांद्या विकत मिळतात.

१२. गुढी बाल्कनीत उभारू शकतो का? बाकीचं साहित्य कुठून आणायचं?

भाड्याच्या इमारतीत बाल्कनी ही सामाईक वापराची जागा धरतात. शिवाय आग लागली तर तीच सुटकेची वाट असते. शेजारच्या घराच्या मधला पातळ पडदा फोडून पलीकडे जायचं, म्हणून त्याच्यापुढे काहीही ठेवायचं नाही. गुढी कठड्याच्या आतल्या बाजूला, घट्ट बांधून, काही तासांपुरती उभारा. वसंतातला वारा इथे भलताच जोराचा असतो. तांब्या सातव्या मजल्यावरून खाली गेला तर पाडव्याची सुरुवात पोलीस चौकीत होईल. आम्ही खिडकीच्या आत उभारतो.

काठी शंभर येनच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या काठ्यांत मिळते. कडुनिंब ताजा मिळणं कठीण, भारतीय किराणा दुकानात वाळलेली पानं किंवा पूड शोधा. आणि आईला आधीच सांगून ठेवा: आंब्याची डहाळी, कडुनिंबाचा पाला, गजरा असलं काहीही पर्समध्ये घालून आणू नकोस. तिकडच्या सरकारी तपासणीचा दाखला नसला तर विमानतळावर काढून घेतात. गाठी आणलीस तर मात्र देव भलं करो.

१३. पाडवा आणि साकुरा दरवर्षी एकत्र येतात का?

नाही, पण येतात तेव्हा बघत राहावं असं असतं. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता आणि टोकियोचं मानकाइ त्याच दिवशी जाहीर झालं. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, मानकाइ पुन्हा त्याच दिवशी, आणि वर रविवार. २०२४ मध्ये मात्र मानकाइ ४ एप्रिलला झालं आणि पाडवा ९ एप्रिलला आला, तेव्हा आम्ही पाकळ्यांच्या सड्यावरून श्रीखंड घेऊन मैत्रिणीकडे गेलो.

आपलं पंचांग चंद्राचं, झाडाचं पंचांग थंडी-उन्हाचं. पाडवा दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारतो. २०२६ मध्ये तो १९ मार्चला आहे, मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून २०२७ मध्ये थेट ७ एप्रिलला.

१४. साकुराला वास का नाही? माझं नाक गेलंय का?

नाक ठीक आहे. सोमेइ योशिनोला वास जवळजवळ नसतोच. ज्याला साकुराचा वास म्हणून साबणात आणि मिठाईत घालतात, तो खारवलेल्या पानाचा.

हे पचायला आपल्याला वेळ लागतो, खरं आहे. आपल्याकडे फूल आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. मोगरा, सोनचाफा, अगदी आंब्याचा मोहोरसुद्धा. वासाशिवाय करमतच नसेल तर फेब्रुवारीत उमेची, म्हणजे जपानी प्लमची फुलं बघायला युशिमा तेनजिन देवळात जा. त्यांना गोड वास असतो.

१५. साकुरा फुलला की शिंका, डोळ्यांना खाज, नाक गळणं सुरू होतं. मला साकुराची ॲलर्जी आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. साकुराचं परागीभवन कीटक-पक्षी करतात, त्याचे परागकण हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतो तो सुगी, म्हणजे जपानी देवदारासारखा एक वृक्ष, आणि त्याच्या मागोमाग हिनोकी. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगीने भरले, ती झाडं आता मोठी होऊन दर वसंतात पराग उधळतात. सुगीचा जोर फेब्रुवारीपासून, हिनोकीचा मार्चअखेर ते एप्रिल. नेमका साकुरा मध्ये फुलतो आणि बदनाम होतो.

इथे याला काफुनशो म्हणतात. पहिल्या वर्षी बहुतेकांना काही होत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी अचानक सुरू होतं. डॉक्टरकडे जानेवारीअखेरीलाच जा, मास्क लावा, या दिवसांत कपडे घरात वाळत घाला.

१६. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. त्यांना कुठे नेऊ?

शिंजुकू ग्योएन सपाट आहे, बाक आणि स्वच्छतागृहं पुष्कळ आहेत. आसुकायामाला ओजी स्टेशनाच्या बाजूने टेकडीवर नेणारी छोटी फुकट गाडी आहे, चढ वाचतो. रिकुगिएन ही १७०२ ची बाग, तिथला खाली झुकणारा साकुरा एकच पण केवढा तरी मोठा. एका झाडासमोर बसून राहायचं असेल तर ती जागा. मेगुरो आणि उएनोला शनिवारी-रविवारी नेऊ नका, बसायला मिळत नाही.

मंगळवार-बुधवार सकाळी नऊ-दहा ही वेळ. आणि लोकरीचे कपडे सोबत. फुलं बघून वाटतं वसंत आला, पण हानाबिए नावाची थंडी याच दिवसांत परत फिरून येते. मार्चमध्ये रात्री दहा अंशांच्या खाली सहज जातं. पुण्याच्या मार्चमधून आलेल्या माणसाला हे पटत नाही, तो विमानतळावर अर्ध्या बाहीत उतरतो.

१७. मी १५ एप्रिलला पोचतोय. सगळं संपलं ना?

सोमेइ योशिनो संपलेला असेल. त्याच्या नावाने रडत बसू नका.

दाट पाकळ्यांचा याएझाकुरा तेव्हाच भरात असतो, शिंजुकू ग्योएनमध्ये भरपूर. त्याच सुमाराला नेझू देवळाच्या उतारावर अझेलियाची झुडपं रंगलेली असतात. एप्रिलच्या उत्तरार्धात कामेइदो तेनजिनला फुजी, म्हणजे जांभळ्या घोसांच्या वेली, तळ्यावर लोंबतात. इबाराकीतल्या हिताची समुद्रकाठच्या बागेत अख्खी टेकडी निळ्या नेमोफिलाने झाकते. आणि साकुराच हवा असेल तर त्याच्या मागे उत्तरेला जा. हिरोसाकीत तो एप्रिलअखेरीला असतो, साप्पोरोत मेच्या सुरुवातीला.

उलट फेब्रुवारीत येणाऱ्यांना इझू द्वीपकल्पातला कावाझू साकुरा मिळतो, जास्त गडद आणि महिनाभर टिकणारा. हामारिक्यू बागेत तेव्हा मोहरीचं पिवळं शेत फुललेलं असतं, मागे काचेच्या उंच इमारती.

१८. ऐन बहरात पाऊस पडला. आता जाण्यात अर्थ आहे का?

पाऊस थांबल्यावर लगेच जा. जपानीत गळण्याला फुलण्याइतकेच शब्द आहेत. वाऱ्याने पाकळ्या उडाल्या की हानाफुबुकी, फुलांचं हिमवादळ. पाण्यावर पाकळ्यांचा तराफा जमला की हाना-इकादा. पानं फुटलेला साकुरा म्हणजे हाझाकुरा. चिदोरिगाफुचीचा खंदक गुलाबी झालेला बघायचा असेल तर बहर सरल्यावरच जावं लागतं. आपल्या अंगणात सकाळी प्राजक्ताचा सडा असतो, त्याला कोणी "संपलं" म्हणत नाही.

१९. साकुराचं रोप भारतात नेता येईल का? पुण्यात लावलं तर जगेल?

नेण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, बॅगेत लपवून नेऊ नका. आणि नेलंत तरी प्रश्न ४ मधली थंडी पुण्यात कुठून आणणार? पानं येतील, फुलांची वाट बघाल.

त्याऐवजी खारवलेली साकुराची फुलं न्या, दुकानात छोट्या पाकिटात मिळतात. कपात एक फूल टाकून गरम पाणी ओतलं की ते हळूहळू उघडतं. इथे साखरपुड्याला, लग्नाला चहाऐवजी हेच देतात. माझ्या सासूबाईंनी पाणी प्यायलं नाही, पण फूल उघडताना सगळ्या शेजारणींना बोलावून दाखवलं.

२०. मुंबईत विक्रोळीला हायवेवर गुलाबी झाडं फुलतात, ती साकुराच ना?

नाही. तो ताबेबुया, मूळ मध्य अमेरिकेकडचा, साकुराशी नात्याने काही संबंध नाही. सुंदर आहे, त्याला त्याच्या नावाने हाक मारा. भारतात साकुराचा खरा चुलतभाऊ म्हणजे हिमालयातलं पद्मकाष्ठ. शिलाँगला ते फुलतं, पण नोव्हेंबरात.

२१. फुलांचे फोटो आईला पाठवते तर ती म्हणते, सगळे सारखेच दिसतात. काय करू?

बागांचे पाठवू नका. प्रश्न ७ मधल्या तुमच्या झाडाचा पाठवा, रोज एक, त्याच जागेवरून. माझ्या आईलाही आधी कौतुक नव्हतं. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "डावीकडची फांदी अजून का नाही उघडली?" आठव्या दिवशी उलट फोटो आला. आमच्या गल्लीतला पांगारा, लालभडक, फांदीवर चार साळुंक्या भांडताहेत, खाली कोणाची तरी स्कूटर. वर लिहिलं होतं, "हा तुझ्या शाळेपासूनचा. कधी बघितलास?"

मी नव्हता बघितला. आता मार्चमध्ये दोन्हीकडून एकेक फोटो येतो-जातो. काल तिचा आला नाही, म्हणून फोन केला. पालिकेने फांद्या छाटल्यात म्हणाली, उरलेल्या एका फांदीचा उद्या पाठवते.